समुद्रात बेपत्ता झालेल्या मच्छीमाराला कायदा मृत कधी मानतो?

समुद्रात बुडालेल्या मच्छीमाराचा मृतदेह सापडला नाही, तर मृत्यूचा दाखला अडतो. दाखला नसला की विमा, बँक खातं, वारसनोंद अशी सगळी कामं रखडतात.

सात वर्षांचा नियम काय आहे?
एखाद्या व्यक्तीबद्दल जवळच्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. आधी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये असलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे.

ओखी वादळात काय झालं?
नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस आलेल्या या वादळात कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात अडकले. ६८ बोटी ९५२ जणांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अनेक जण मात्र परतलेच नाहीत. केरळ आणि तमिळनाडू सरकारांनी सात वर्षं न थांबता बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांनाही प्रत्येकी २० लाख रुपये दिले.

घरच्यांनी काय करावं?
बोट परतली नाही की पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद लगेच करावी. पुढे माणूस कधीपासून बेपत्ता आहे, हे दाखवायला तीच कामी येते.