पेटी उघडून दाखवणं

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मी राजस्थानात सीमेवर होतो. टपाली मतं पाठवायचे दिवस. आमच्या सातारच्या एका हवालदारानं मोबाईल पुढं केला. “साहेब, फौजींची पाकिटं उघडतच नाहीत म्हणे. चुरस असली तरच बघतात. मग पाठवायची कशाला?”

मी म्हणालो, “अफवा आहे. लक्ष देऊ नका.” तो “जी साहेब” म्हणून गेला, पण त्याला पटलं नव्हतं.

रात्री १९७१ आठवलं. आपण फौजी ते वर्ष डिसेंबरच्या युद्धासाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभा निवडणूक झाली आणि इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. दक्षिण दिल्लीत जनसंघाचे प्रा. बलराज मधोक काँग्रेसच्या शशी भूषण यांच्याकडून हरले. मधोकांचा आरोप असा, की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदारानं मारलेला शिक्का आपोआप उडतो आणि गाय-वासरू या चिन्हासमोर आधीच छापलेला अदृश्य शिक्का उमटतो.

आज हसू येतं. न्यायालयानं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. मतदान गुप्त, म्हणून मतपत्रिका सहसा कुणाला पाहू देत नाहीत. तरी उच्च न्यायालयानं नमुन्यादाखल काही मतपत्रिका तपासायला परवानगी दिली. शशी भूषण त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथंही ती परवानगी कायम राहिली. आरोप सिद्ध झाला नाही, निकालही बदलला नाही.

बाजू कुणाची, हा आपला विषय नाही. मला भावते ती पद्धत. संशय घेणाऱ्याला गप्प बसवलं नाही आणि त्याच्या नुसत्या शब्दावर निकालही फिरवला नाही. मैदानातल्या भाषणाला पुरावा लागत नाही, कोर्टात लागतो. अफवेला तिथवर आणणं, हेच संस्थेचं काम.

आणि मी काय केलं होतं? नुसता हुकूम सोडला होता.

सकाळी सगळ्यांना बसवून नियम वाचून दाखवला. मोजणी सुरू होते तीच टपाली मतांपासून, चुरस असो वा नसो. मत बाद होतं ते पाकीट उशिरा पोहोचलं किंवा घोषणापत्रावर सही अथवा साक्षांकन राहिलं तर. मग एकेकाचं घोषणापत्र तपासलं.

हवालदाराच्या घोषणापत्रावर साक्षांकनाची सही नव्हती. ती मी करायची होती.