‘कटी सार्क’ची आग

‘कटी सार्क’ ‘जळून खाक झाले’ असे कोणी म्हटले, तरी ते अक्षरशः घेऊ नये. २१ मे २००७ च्या सकाळी मात्र लंडनकरांचा समज तोच होता. चहाच्या व्यापारासाठी १८६९ मध्ये बांधलेले हे शिडाचे जहाज १९५४ पासून ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत उभे होते. पहाटे ते पेटलेले दिसताच लोक घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. पाठोपाठ संताप आला, कारण आग कोणीतरी मुद्दाम लावली असावी असा संशय पहिल्याच दिवशी पसरला. पुढे तपासात ठपका आला तो बहुधा शनिवार-रविवारी चालूच राहिलेल्या एका व्हॅक्यूम क्लीनरवर. एवढ्या संतापाला हे कारण फारच किरकोळ वाटले असणार! दुरुस्तीचे काम चालू असल्यामुळे डोलकाठ्या, नाळेवरची स्त्री-मूर्ती आणि बऱ्याचशा फळ्या आधीच काढून दुसरीकडे हलवल्या होत्या. सांगाडाही लोखंडी असल्याने तगला. ज्वाळांची दृश्ये पाहून रडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे. पण त्या हळहळीचा उपयोग झाला. देणग्या आल्या, लॉटरी निधीने वाढीव मदत दिली, आणि २५ एप्रिल २०१२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते जहाज पुन्हा खुले झाले.