अनोळखी आईला पोस्टकार्ड

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत आपण वहीत नोंदी करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अशाच नोंदींनी कितीतरी आयांना धीर दिला.

घरी बसून लांबची रेडिओ केंद्रं ऐकणं हा तिथे अनेकांचा छंद होता. शॉर्टवेव्हचा रेडिओ, उंच ताणलेली तार आणि वही, एवढंच सामान. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परततात, म्हणून बर्लिन अमेरिकेत ऐकू येई. जर्मन केंद्र आपल्या प्रचारात मधेमधे पकडलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं नि घरचे पत्ते सांगे. लोकांनी ऐकत राहावं म्हणून टाकलेलं ते आमिष होतं.

हौशी बाया-माणसं खरखरीतून नाव-पत्ता टिपत आणि अनोळखी आईला कार्ड टाकत: मुलगा कैदेत आहे, पण जिवंत आहे. एकाच घरी अनेक गावांहून कार्डं येत. सगळ्यांवर तेच नाव असलं की ऐकण्यात चूक नाही हे कळे. पक्की खात्री मात्र सरकारी तार आल्यावरच.

धान्य निवडताना आपण खडे टाकतो, दाणा ठेवतो. त्यांनी तेच केलं. प्रचार सोडला, नाव तेवढं ठेवलं.