माथेरानचा मध : चव फुलोऱ्याची, ओळख रानाची

माथेरानहून परतणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत बहुधा तीन वस्तू असतात : चिक्की, चामड्याच्या चपला आणि मधाची बाटली. पहिल्या दोन वस्तू तो हाताळून, चाखून, घासाघीस करून घेतो. मधाच्या बाबतीत मात्र त्याचा एकच प्रश्न ठरलेला असतो, ‘शुद्ध आहे ना?’ दुकानदाराचे उत्तरही ठरलेलेच असते. मध नेमका कोणत्या फुलांचा, कोणत्या माशीने साठवलेला, कोणत्या महिन्यात काढलेला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक मधाची चव, रंग, घट्टपणा आणि किंमत या साऱ्यांचे मूळ याच तीन प्रश्नांत आहे. ते विचारणारा ग्राहक वाढला, तर मधाबरोबर तो देणारे रानही टिकण्यास मदत होईल.

चवीची शिस्त

द्राक्षाच्या वाईनबाबत जगाने ही शिस्त कधीच अंगी बाणवली आहे. ग्रीसचे उदाहरण बोलके आहे. तेथील वाईन उत्पादकांनी परदेशी वाणांबरोबरच आपल्या मातीतले वाण जपले. सॅन्टोरिनी या ज्वालामुखीच्या बेटावर ‘असिर्टिको’ हे पांढरे द्राक्ष पिकते. समुद्रावरचा वारा सोसवा म्हणून तेथे वेल मांडवावर न चढवता टोपलीसारखा जमिनीलगत वळवतात. कडक उन्हातही या द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो. उत्तरेकडील नाऊसा भागातील ‘झिनोमाव्रो’ आंबट आणि तुरट, तर पेलोपोनीजमधील नेमियाचे ‘आगिओर्गितिको’ त्या मानाने मवाळ. जाणकार आधी रंग पाहतो, मग गंध घेतो, मग घोट जिभेवर फिरवतो आणि शेवटी मागे राहणारी चव किती वेळ टिकते ते पाहतो. त्यावरून पेल्यातील वाईन कोणत्या वाणाची आणि कोणत्या भागातली असावी, याचा अंदाज बांधता येतो.

महाराष्ट्रात नाशिक परिसरात वाईनचा उद्योग फोफावला, पण तेथील बहुतेक वाण शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ, शेनिन ब्लाँ असे फ्रान्सकडून आलेले. सह्याद्रीच्या स्वतःच्या वनस्पतींची चव बाटलीत शोधायची तर ती मधात सापडते. ग्रीकांनाही हे नवे नाही. अथेन्सजवळच्या हायमेटस डोंगरावरील रानटी थाइमच्या फुलांचा मध प्राचीन काळापासून नावाजलेला आहे. वाईन चाखण्याची रीत जशीच्या तशी मधाला लागू करता येते आणि त्यासाठी माथेरानइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

माथ्यावरचे रान

कर्जत तालुक्यातील हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये त्याची निवड केली आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे मज्जाव आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. तांबड्या जांभ्या मातीवरचे हे सदाहरित रान टिकून राहण्यास या बंधनांचा मोठा हातभार लागला.

माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडे दाटीने आहेत. कडेला गेळा आणि करवंदीच्या जाळ्या आहेत. उतारांवर कारवी पसरलेली आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे धुवाधार पाऊस कोसळतो. तेव्हा मधमाशीला बाहेर पडणे कठीण होते. तिचे खरे सुगीचे दिवस हिवाळा सरल्यापासून वळवापर्यंतचे.

चार माश्या, चार रीती

सह्याद्रीत मध साठवणाऱ्या माश्या मुख्यतः चार प्रकारच्या. त्यांत आकाराने मोठी आणि स्वभावाने तापट ती आग्या. उंच कड्यांना किंवा मोठ्या झाडांच्या फांद्यांना ती उघड्यावर एकच प्रशस्त पोळे लावते. फुलोऱ्यामागे ती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात स्थलांतर करते. तिला पेटीत पाळता येत नाही. सातेरी ही मध्यम आकाराची माशी झाडांच्या ढोलीत किंवा खडकांच्या कपारीत, अंधारात, एकापाठोपाठ एक अशी समांतर पोळी बांधते. या सवयीमुळेच ती लाकडी पेटीत नांदते. फुलोरी माशी लहान, तिचे पोळेही तळहाताएवढे, झुडपात टांगलेले. चौथी पोयाची माशी. तिला डंख नसतो. ती खोडाच्या किंवा भिंतीच्या फटीत राळ व मेण मिसळून छोट्या कुप्या करते आणि त्यांत थोडासाच, पातळ व आंबूस मध साठवते.

यांखेरीज १९६० च्या दशकात देशात स्थिरावलेली युरोपीय मेलिफेरा माशी आहे. मोहरी, सूर्यफूल यांच्या शेतांजवळ पेट्या ठेवून मिळणारा मध बहुतांशी तिचा असतो. तो वाईट नव्हे, पण त्याची चव शेताची असते, रानाची नव्हे. पेठेत विकला जाणारा प्रत्येक मध माथेरानच्या रानातलाच असतो, असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

फुलोऱ्याचे पंचांग

जांभूळ साधारण मार्च-एप्रिलमध्ये फुलते. बारीक पांढरट फुलांच्या घोसांतून भरपूर मकरंद मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जांभळाचा मध हाती येतो. त्याचा रंग गडद पिंगट असतो. जिभेवर आधी गोडवा येतो आणि मागाहून किंचित कडवट-तुरट चव रेंगाळते. फळ खाल्ल्यावर जीभ जशी आकसते, त्याची पुसट आठवण व्हावी अशी. हा मागचा तुरटपणा हीच या मधाची खूण.

जांभळाच्या पाठोपाठ हिरडा फुलतो. त्याच्या मधालाही गडद छटा असते. गेळा, करवंद आणि अन्य झुडपांचा मकरंद निव्वळ स्वरूपात क्वचितच हाती येतो. तो एकमेकांत मिसळून ‘बहुफुलोरी’ मध तयार होतो. रानातील आग्या माशी मकरंदासाठी काही किलोमीटर हिंडते. तेव्हा एखाद्या मधाला जांभळाचा म्हणायचे ते त्यात जांभळाचा वाटा अधिक म्हणून. प्रयोगशाळेत मधातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून हे ठरवतात. एकाच वनस्पतीचे परागकण साधारण ४५ टक्क्यांहून अधिक असल्यास तो मध त्या फुलांचा, असा सर्वसाधारण निकष आहे.

कारवीची गोष्ट वेगळी. ही वनस्पती सात-आठ वर्षे नुसती वाढते आणि एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे करून टाकते. बी धरल्यावर ती मरते. वाळलेल्या काठ्यांनी आदिवासींच्या घरांचे कूड उभे राहतात. मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी कारवी बहरली. सर्व डोंगरांचे वर्ष एकच असते असे नाही. कारवीचा मध घट्ट व गडद असतो आणि जाणत्यांमध्ये त्याला मान आहे. मात्र मधल्या कोणत्याही वर्षी ‘ताजा कारवीचा मध’ विकला जात असेल, तर कोणत्या डोंगरावर यंदा कारवी फुलली, एवढे अवश्य विचारावे.

मध कसा चाखावा

दोन-तीन प्रकारचे मध काचेच्या लहान वाट्यांत घ्यावेत. ते फ्रिजमधले नसावेत. थंड मधाचा गंध दबतो. वाटी उजेडासमोर धरून रंग पाहावा : फिकट पिवळा, सोनेरी, पिंगट की काळसर. मग चमचाभर मध ढवळून नाकाजवळ न्यावा. ताज्या रानमधाला फुलांबरोबरच मेणाचा आणि कधी ओल्या लाकडाचा वास असतो. अर्धा चमचा मध जिभेवर ठेवून विरघळू द्यावा, लगेच गिळू नये. पहिला गोडवा ओसरल्यावर आंबट, तुरट, कडवट यांपैकी काय उरते आणि किती वेळ टिकते, याकडे लक्ष द्यावे. दोन मधांच्या मध्ये कोमट पाण्याची चूळ भरावी. फिकट मधाकडून गडद मधाकडे जावे. उलट क्रमाने गेल्यास फिकट मधाची चव लागत नाही.

नुसता गोड, वासहीन आणि घशाखाली उतरताच विसरला जाणारा मध बहुधा फार तापवलेला, फार गाळलेला किंवा साखरेचा पाक मिसळलेला असतो. मात्र केवळ चवीवरून भेसळीचा निवाडा करू नये.

गोठणे, पातळ होणे, फसफसणे

मध गोठला म्हणजे साखर घातली, हा समज चुकीचा आहे. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन शर्करा असतात. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त, तो लवकर गोठतो. थंडीत ही क्रिया वेगाने होते. गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. तो विस्तवावर तापवू नये. त्याने सुवास उडतो आणि माशीने मिसळलेली पाचक द्रव्येही नष्ट होतात.

मकरंद मुळात पाण्यासारखा पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात आणि मध पक्व झाला की कोठ्यांवर मेणाचे झाकण घालतात. अशी झाकणे नसलेल्या पोळ्यातून घाईने काढलेला मध पाणीदार राहतो. कोकणातील दमट हवेत सातेरीचा मध तसाही थोडा पातळच असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मधातील पाणी २० टक्क्यांहून अधिक असू नये. पाणी वाढले की मध आंबतो, बाटलीत फेस येतो आणि झाकण उघडताना वाफ सुटल्यासारखा आवाज होतो.

भेसळ आणि घरगुती परीक्षा

मधाचा थेंब पाण्यात टाकून पाहणे, कापसाची वात मधात बुडवून पेटवणे, टिपकागदावर थेंब ठेवणे, या परीक्षा अजूनही घरोघरी केल्या जातात. त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. घट्ट पाकाचा थेंबही तळाशी बसतो आणि पातळ असलेला अस्सल रानमध या परीक्षेत नापास होऊ शकतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या २२ नमुन्यांची तपासणी जाहीर केली. त्यांपैकी केवळ पाच नमुने सर्व चाचण्यांत उतरले. देशातील नेहमीच्या चाचण्या पार करील असाच पाक तयार केला जातो आणि तो ओळखण्यास चुंबकीय अनुनादावर आधारित महागडी चाचणी लागते, हे तेव्हा पुढे आले. प्रयोगशाळेलाही जे अवघड, ते पेलाभर पाण्याने कसे उमगणार?

जांभळाचा मध मधुमेहींना चालतो, असेही सर्रास सांगितले जाते. मध कोणत्याही फुलाचा असला तरी त्याचा बहुतांश भाग शर्कराच असतो आणि तो रक्तातील साखर वाढवतो. मधुमेहींनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज तो घेऊ नये. एक वर्षाखालील बालकाला तर मध चाटवूच नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार संभवतो. बाळाला मध चाटवण्याची जुनी चाल यासाठी सोडलेली बरी.

पोळे कापणे की मध काढणे

चवीच्या पलीकडचा मुद्दा माशीच्या जगण्याचा आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात ठाकर, कातकरी समाजातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या रानातून मध आणत आली आहेत. कड्यावर दोर टाकून, धूर करून मध उतरवणे हे जिवावरचे काम आहे. आग्या माशीच्या पोळ्यात मध एका बाजूला, वरच्या भागात साठवलेला असतो आणि उरलेल्या भागात अंडी-अळ्या वाढतात. मधाचा तेवढाच भाग कापला तर माश्या पोळे पुन्हा भरून काढतात आणि त्याच पोळ्यातून दुसऱ्यांदा मध मिळू शकतो. जाळ करून सगळे पोळे उतरवले तर वसाहत संपते, अळ्या पिळल्या जाऊन मध गढूळ व आंबट होतो आणि रानाला वणव्याचा धोका राहतो तो वेगळाच.

पुण्यात १९६२ पासून असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे महाबळेश्वर येथील मध संचालनालय यांनी पेटीतील मधपालन व माश्या न मारता मध काढण्याचे प्रशिक्षण रुजवले. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांना हा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. फुलोरा तोच, माशीही तीच. मात्र पेटीतूनही मे महिन्याअखेर सगळा मध काढून घेतला, तर पावसाळ्याचे चार महिने सातेरीला उपाशी काढावे लागतात आणि ती पेटी सोडून जाते. तिच्या बेगमीचा वाटा तिच्यासाठी ठेवलाच पाहिजे.

खरेदी करताना

● मध कोणत्या फुलांचा आणि कोणत्या महिन्यात काढला, हे विचारावे. जांभळाच्या मधाचा हंगाम एप्रिल-मे हा आहे.

● माशी कोणती आणि मध पिळून काढला की यंत्राने, हेही विचारावे. पिळलेल्या मधात पराग व मेणाचे कण अधिक असतात आणि तो लवकर आंबतो.

● बाटलीबंद मधावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि भरण्याची तारीख पाहावी.

● शक्य असेल तेथे चाखून, लहान बाटली घ्यावी. घरी ती घट्ट झाकणाची, कोरडी आणि उन्हापासून दूर ठेवावी. ओला चमचा आत घालू नये.

● फार स्वस्त रानमधाचा मोह टाळावा. कड्यावरून उतरवलेल्या मधाला त्या श्रमांचे मोल असते.

जांभळाचा तुरटपणा आणि कारवीचा घट्टपणा ओळखणारी जीभ तयार झाली, तर ‘शुद्ध आहे ना?’ या प्रश्नाची जागा ‘यंदा रानात काय फुलले?’ हा प्रश्न घेईल. त्याचे खरे उत्तर देता येणाऱ्या विक्रेत्याकडूनच मध घ्यावा.