खडकवासला ते चेन्नई : दाखल्यांच्या नोंदवहीतून

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेची जुनी दप्तरे उघडली, तेव्हा सर्वांत बोलकी ठरली ती बोनाफाइड दाखल्यांची नोंदवही. तीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि अखेरीस 'प्रयोजन' असा रकाना असतो. एस.टी.चा पास, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा असंख्य प्रयोजनांमध्ये अधूनमधून 'सैनिकी शाळा' किंवा 'एन.डी.ए. फॉर्म' अशी नोंद आढळते. 1965 पासूनच्या अशा नोंदी मी वेगळ्या उतरवून काढल्या. प्रस्तुत लेखाचा आधार तोच आहे.

आपल्या सातारा जिल्ह्याला सैन्य परके नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द उगीच लागलेला नाही; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील 46 जण कामी आले. परंतु भरती आणि फॉर्म या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भरतीची वाट घराघराला ठाऊक होती. वडील, काका, मामा यांपैकी कोणीतरी त्या वाटेने गेलेलाच असे. अधिकारी होण्याची वाट मात्र कागदातून जाते, आणि तो कागद कुठे मिळतो, कधी भरायचा, हे सांगणारे घरात कोणी नसे. ते काम शाळेचे होते. आम्ही ते किती केले, हे ती नोंदवही सांगते.

तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांचे एकत्र प्रशिक्षण 1949 साली देहरादूनला सुरू झाले आणि 1955 च्या जानेवारीत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. 23 जून 1961 रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा उघडली. तेव्हा यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. आपली शाळा त्यानंतर चार वर्षांनी स्थापन झाली, त्यामुळे आमच्या नोंदवहीतील पहिली काही 'प्रयोजने' सैनिक शाळेच्या प्रवेश परीक्षेचीच आहेत. 1977 मध्ये शासनाने औरंगाबादला सेवा पूर्वतयारी संस्था काढली. दहावीनंतरच्या मुलांना तेथे दोन वर्षे ठेवून प्रबोधिनीसाठी तयार केले जाते. ही सर्व माहिती त्या काळी शाळेच्या फलकावर लागत असे, याला जुने शिक्षक साक्षी आहेत.

प्रबोधिनीचा अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते. लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो : गणिताला 300 गुण, सामान्य क्षमतेला 600. तेवढेच 900 गुण पुढील मुलाखतीला असतात, आणि ही 'मुलाखत' पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी होते. तीत अडकलेला मुलगा संध्याकाळच्या गाडीने परत निघतो. भोपाळहून असा परतलेला एक विद्यार्थी महिनाभर शाळेकडे फिरकला नव्हता. गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. हिंदी आपल्याला जवळची, असे पालकांना वाटते. पण आमच्या मुलांचा 'काटकोन' तेथे 'समकोण' होतो आणि 'वर्गसमीकरण' हे 'द्विघात समीकरण' होऊन बसते. म्हणजे दोन्ही भाषा परक्याच. तरीही काही मुले गेली, त्यांतील दोघे खडकवासल्यास पोहोचले, ही आपल्या शाळेच्या गणित शिक्षकांची पुण्याई.

आता त्या नोंदीविषयी लिहिते, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. 1998 च्या पानावर बारावीतील एका विद्यार्थिनीचे नाव आहे. प्रयोजन : 'एन.डी.ए. फॉर्म'. त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी शेरा : 'मुलींस पात्रता नाही, रद्द'. शेऱ्याचे अक्षर माझे आहे. मी तेव्हा तिची वर्गशिक्षिका होते. तिने विचारले, "बाई, मग मुलींनी काय करायचं?" मी म्हणाले, "मुलींना सैन्यात घेत नाहीत. तू डी.एड. कर." फॉर्मविषयी मी सांगितले ते खरे होते. सैन्याविषयी सांगितले ते खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला ठाऊकही नव्हते.

कारण चेन्नईतील दार तोवर सहा वर्षे उघडे होते. चीनशी झालेल्या युद्धाच्या सुमारास अधिकाऱ्यांची निकड भासल्यामुळे 1963 मध्ये तेव्हाच्या मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. 1988 पासून ते अकादमी म्हणून ओळखले जाते. पदवीधरांना अल्पसेवेसाठी तेथे घडवले जाते. सिमल्याकडील प्रिया झिंगन या तरुणीने लष्करप्रमुख जनरल रॉड्रिग्ज यांना थेट पत्र लिहून मुलींना सैन्यात का घेत नाही, असे विचारले होते. 1992 मध्ये 25 मुलींची पहिली तुकडी चेन्नईत दाखल झाली आणि 6 मार्च 1993 रोजी अधिकारी होऊन बाहेर पडली. वैद्यकीय व परिचर्या सेवांची गोष्ट वेगळी. एरवी पुढील सुमारे तीस वर्षे थलसेनेत अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलीची वाट चेन्नईवरूनच जात होती. मुलांना बारावीनंतर खडकवासला, मुलींना पदवीनंतर चेन्नई.

2016 साली आपल्या एका माजी विद्यार्थिनीच्या दीक्षान्त संचलनासाठी मी तेथे गेले. अकादमी परंगीमलैच्या परिसरात आहे. तमिळमधील 'परंगी' म्हणजे आपला 'फिरंगी'च. मराठी माणसाला हे नाव ऐकताच ओळखीचे वाटते. संचलनाच्या मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव आहे. मुंबईत जन्मलेले हे तमिळ गृहस्थ याच संस्थेतून 1972 मध्ये महार रेजिमेंटमध्ये गेले आणि 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मैदानावर आमच्या विद्यार्थिनीच्या खांद्यावरील ताऱ्यांची फीत तिच्या आईने काढली. तिला ही वाट कोणी दाखवली, असे मी विचारले. "कॉलेजच्या एन.सी.सी. मॅडमनी," ती म्हणाली. शाळेचे नाव तिने घेतले नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते.

पुढच्याच वर्षी, 9 सप्टेंबर 2017 रोजी, स्वाती महाडिक त्याच मैदानावरून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात ते हुतात्मा झाले. त्यानंतर वयाची अट शिथिल करून घेऊन, दोन मुलांच्या या आईने चेन्नईचे खडतर प्रशिक्षण पुरे केले. आपल्या जिल्ह्यातील मुलींना चेन्नईचे नाव खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळले.

18 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली केली. सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज सुरू झाले आणि त्याच आठवड्यात आमच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे 'एन.डी.ए. फॉर्म' ही न खोडलेली पहिली नोंद झाली. ती लेखी परीक्षेत पात्र ठरली नाही. 2022 मध्ये खडकवासल्यास 19 मुली दाखल झाल्या आणि 30 मे 2025 रोजी त्यांच्यातील 17 जणी उत्तीर्ण झाल्या. सैनिक शाळांतही आता मुली शिकतात, आणि सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. मुलींसाठीची शासकीय पूर्वतयारी संस्था 2023 पासून नाशिकला सुरू आहे. पालकांनी या शेवटच्या तीन ओळी पुन्हा वाचाव्यात, अशी विनंती आहे.

1998 मधील ती विद्यार्थिनी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, उत्तम शिक्षिका आहे. हे सर्व लिहिण्यापूर्वी मी तिला फोन करून परवानगी मागितली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिहा, बाई. नाव नको. आणि त्या पानाचा फोटो स्मरणिकेत छापू नका. रेघ फार जाड मारली होती तुम्ही."