रांजणाची घडण

कुंभार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें फिरतें चाक उभें राहतें. परंतु पुरुषभर धान्य पोटांत घेणारें भांडें एका दमांत चाकावर उतरत नाहीं. ओल्या मातीची उंच भिंत स्वतःच्याच भारानें खचते. म्हणून तें हातानें, थरावर थर चढवून रचावें लागतें. घडा घटकेंत होतो. असें भांडें दिवसांच्या हिशेबानें वाढतें. या धीम्या विद्येचा इतिहास चाकाहूनहि जुना आहे, पण तो फारसा सांगितला जात नाहीं.

अमरावती जिल्ह्यांत, चांदूरबाजार तालुक्यांत, तुळजापूर गढी नांवाचें पांढरीचें टेकाड आहे. पुरातत्त्व खात्याचे श्री. बोपर्डीकर यांनीं १९८४-८५ सालीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां माळवा व जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचे अवशेष मिळाले. म्हणजे वऱ्हाडांतील कुंभारकामाला तीन हजार वर्षांची परंपरा आहे. जोर्वे संस्कृतीचीं चाकावरचीं तांबडीं भांडीं पातळ, रेखीव, धातूसारखीं वाजणारीं. त्यांची स्तुति सर्वच करतात. त्यांच्याच शेजारीं निघणारे जाड, हातानें घडविलेले, बोटांच्या ठशांच्या पट्ट्या लावलेले मोठे रांजण मात्र ‘ओबडधोबड’ या एका शब्दांत निकालांत निघतात. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. सुबक वाडगा फुटला तर एक जेवण सांडेल. रांजण फुटला तर घराचें वर्षाचें धान्य जाईल.

याच संस्कृतीचें घोड नदीकांठचें इनामगांव डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत खणून काढलें. तेथें घरांच्या जमिनीखालीं लहान मुलें पुरलेलीं आढळलीं: दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आंत तें मूल. गांवाच्या मध्यावरील पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत तर चार पायांच्या मोठ्या मातीच्या कुंभांत एक पुरुष पाय दुमडून बसविलेला होता. त्याच घरांत धान्याचें कोठारहि निघालें. धान्य राखणें आणि मृताला जपणें, दोन्ही कामें त्या लोकांनीं मातीच्या कुंभावरच सोंपविलीं होतीं.

आज शहरांत मातीकामाचे वर्ग भरतात. विदर्भांत भद्रावतीस श्री. कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं १९५५ सालीं ग्रामोदय संघ स्थापून या कलेच्या शिक्षणास बळ दिलें. मोठें भांडें शिकणाऱ्याची पहिली परीक्षा हाताची नसून धीराची असते. मातीच्या लांब वळ्या करून एकीवर एक बसवावयाच्या, सांधा खरवडून चिखलाच्या रबडीनें जोडावयाचा, आंतून गोटा धरून बाहेरून थापटण्यानें चोपावयाचें. वीतभर भिंत उभी राहिली कीं हात आवरावयाचा. खालचा भाग चामड्याइतका घट्ट होईपर्यंत वरचा चढवूं नये आणि कांठ मात्र ओल्या फडक्यानें ओलाच राखावा. नाहींतर कोरडी कड ओल्या वळीला धरीत नाहीं. घाईनें रचलेलें भांडें संध्याकाळपर्यंत बसकण मारतें.

वऱ्हाडांत त्यांतून माती अडवते. कापसाला जी काळी जमीन लक्ष्मीसारखी, तीच कुंभाराची वैरीण: पाण्यानें फुगते, वाळतांना भेगाळते. तिच्यांतील चुनखडीचा खडा भट्टींत चुना होतो, हवेंतील ओल पितो आणि धड भाजलेल्या भांड्याचा टवका कांहीं दिवसांनीं उडवितो. म्हणून नदीचा गाळ आणावा, चाळावा, त्यांत राख व लीद मळावी. लीद जळून मागें बारीक छिद्रें राहतात. अकोल्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी याच छिद्रांतून पाझरणारें पाणी रांजण गार ठेवतें.

शेवटीं आवा. भिंत जाड म्हणून आंतली ओल हळूच काढावी लागते. तिची वाफ एकदम झाली तर भांडें आंतल्या आंत उडतें. जगलेलें भांडें पारखण्याची रीत साधी आहे. बोटाच्या पेरानें टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर घ्यावें. बद्द आवाज आला तर कोठेंतरी न दिसणारी चीर आहे.