बी पेशीतला ‘बी’ कुठला?

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून आपण कधी ना कधी गेलेले असता. बहुधा हातात डबा घेऊन, कुणाच्या तरी आजारपणासाठी. केईएम, वाडिया याच रस्त्यावर; टाटा हाकेच्या अंतरावर. प्लेगच्या लसीसाठी गाजलेली हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ साली इथल्याच जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आणि याच रस्त्यावर आहे १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. मी तिथे शिकलो. समोर माणसांचे डॉक्टर, इकडे आम्ही ‘ढोरांचे डॉक्टर’. पण समोरच्या रुग्णालयांतल्या कागदांवर ‘बी सेल’ असे जे शब्द असतात, त्यातला ‘बी’ हा कोंबडीचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही त्याचा खरा अर्थ उशिराच कळला, आणि त्याची किंमत आमच्या चाळीतल्या एका काकांनी मोजली.

काका लालबागच्या गिरणीत साचेवाले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. पदरचे पैसे आणि थोडे कर्ज घालून त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी कोंबड्यांची शेड घातली. नव्वदच्या दशकात एका बॅचला चौथ्या आठवड्यात गंबोरो लागला. बरीच पिल्ले दगावली, उरलेली विकून काकांनी शेड झाडून घेतली आणि आठवड्याभरात नवी पिल्ले आणली. या खेपेला गंबोरो दिसला नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लसही वेळेवर दिली. तरी मानमोडी आली आणि शेड रिकामी करून गेली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. मी म्हणालो, “काका, लस बर्फात ठेवली नसेल तुम्ही.” ते काही बोलले नाहीत. कर्ज फेडायला शेड विकली आणि परत लालबागला येऊन वॉचमनची नोकरी धरली.

आता थोडे मागे, इटलीतल्या पादुआला जाऊ. तिथे फॅब्रिशियस नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. रक्ताभिसरण शोधणारा विल्यम हार्वे हा त्याचाच विद्यार्थी. फॅब्रिशियसला कोंबडीच्या गुदद्वाराजवळ एक छोटी पिशवी आढळली. त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ साली, हे वर्णन छापले गेले. लॅटिनमध्ये पिशवी म्हणजे बर्सा. ही वीर्य साठवण्याची जागा असावी, असा त्याचा अंदाज होता. तो चुकीचा होता. पण नाव टिकले, आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे ती पिशवी कशासाठी आहे हे कुणालाच कळले नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत, ओहायो राज्य विद्यापीठात, ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय होते ते पाहत होता. विशेष काही होईना. टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंडे कशी तयार होतात ते दाखवायचे होते, म्हणून त्याने ग्लिककडच्या कोंबड्या मागून नेल्या. प्रयोग फसला. काही कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. नोंदी पाहिल्या तेव्हा कळले, त्यांची बर्सा लहानपणीच काढलेली होती. हा निबंध ‘सायन्स’ने परत पाठवला, १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी दाखवले की प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या फौजा आहेत. प्रतिपिंडे बनवणारी जी, ती बर्सात घडते. म्हणून बर्साचा ‘बी’. माणसाला बर्सा नाही, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. तरी अक्षर कोंबडीचेच राहिले.

याच सुमारास निसर्गही हाच प्रयोग करत होता. १९५७ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, गंबोरो या गावाच्या परिसरात, कोंबड्यांमध्ये नवा रोग दिसला. त्याचा विषाणू नेमका बर्सातल्या कोवळ्या बी पेशींत शिरतो आणि त्या मारतो. ग्लिकने जे कात्रीने केले, ते हा विषाणू कात्रीवाचून करतो.

त्याला या पेशीच का सापडतात? उत्तर त्याच्या अंगावरच्या कवचात आहे. हे कवच व्हीपी-२ नावाच्या एकाच प्रथिनाच्या २६० तिकड्यांनी बनते. त्याची बाहेर आलेली टोके पेशीला भिडतात. १९९९ ते २००२ या काळातल्या प्रयोगांत दिसले की या प्रथिनातल्या २५३ आणि २८४ या क्रमांकांचे घटक बदलले, तर विषाणू बी पेशी नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या साध्या पेशींतही वाढू लागतो. आणि कोंबडीत त्याचा जोर कमी होतो. शेकडो मण्यांच्या माळेतले दोन मणी बदलावेत आणि माळ दुसऱ्याच गळ्यात बसावी, तसे हे. रोगाची तीव्रता एकट्या व्हीपी-२ वर ठरत नाही; पण कोणत्या पेशीचे दार उघडायचे, हे बरेचसे तिथे ठरते. कोंबडीची संरक्षक प्रतिपिंडेही याच प्रथिनाला ओळखतात. म्हणून त्याची ठेवण बदलली की जुनी लस अपुरी पडू शकते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात तसे घडले.

आता काकांच्या दुसऱ्या बॅचकडे पाहा. पिल्लू तीन आठवड्यांच्या आत असताना हा विषाणू लागला, तर बहुधा ते मरत नाही, आजारीही दिसत नाही. फक्त त्याची बर्सा आतून उद्ध्वस्त होते. मग मानमोडीची उत्तम लस दिली तरी प्रतिपिंडे बनवणार कोण? हे १९७० च्या दशकापासून पुस्तकात होते. मी ते परीक्षेपुरते वाचले होते.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरला बर्ड फ्लू जाहीर झाला. तो विषाणू निराळा, त्याच्या अंगावरची प्रथिनेही निराळी. पण मुंबईतली चिकनची दुकाने ओस पडली. त्याच आठवड्यात लालबागच्या अशाच एका दुकानासमोर काका भेटले. “काय रे डॉक्टर, यांचीपण लस बर्फात नव्हती का?” त्यांनी विचारले. बारा वर्षे तो शब्द त्यांच्या मनात होता. मी तिथेच, फुटपाथवर, त्यांना पिशवीची सगळी गोष्ट सांगितली. लस चांगली होती आणि चूक माझी होती, हेही सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकले. मग एवढेच विचारले, “मग दोन बॅचच्या मधे शेड किती दिवस रिकामी ठेवायला हवी होती?”

हा विषाणू शेडमध्ये महिनोन् महिने तग धरतो. जुने तूस पूर्ण काढून, धुऊन, औषध मारून काही आठवडे शेड मोकळी ठेवावी, आणि पिल्लांना गंबोरोची लस योग्य वयात द्यावी. हे उत्तर मी त्यांना दिले. ते मी त्यांना बारा वर्षांपूर्वी द्यायला हवे होते.